मरुभूमीची धूळ व समुद्राचें कुरण

सन २०२२ च्या जानेवारी महिन्याची २३ तारीख. रविवारचा दिवस होता, आणि आम्ही मुंबईंत आमच्या भगिनीच्या घरीं उतरलों होतों. दुपारीं गच्चीवर गेलों तों सूर्य दुधी कांचेआडून दिसावा तसा फिकट दिसत होता, आणि खालीं रस्त्यावरील मोटारींच्या टपांवर पांढुरक्या पिठासारखी धूळ बसली होती. पाकिस्तानच्या किनाऱ्याकडे उठलेलें धुळीचें वादळ सौराष्ट्रावरून व अरबी समुद्रावरून मुंबईपर्यंत आलें आहे, असें मागाहून वर्तमानपत्रांत वाचावयास मिळालें. आमचा सातव्या इयत्तेंत शिकणारा भाचा गच्चीच्या कठड्यावर बोटानें रेघ ओढीत म्हणाला, "मामा, इथली धूळ आई उद्यां पुसून काढील, पण समुद्रावर पडली ती कोण पुसणार?" आम्हीं त्या वेळीं हंसून "समुद्रच पुसणार" एवढेंच उत्तर दिलें. पुढें या विषयावरील ग्रंथ चाळले तेव्हां आमच्या उत्तराचा उथळपणा आमच्या लक्षांत आला. त्या धुळीवर समुद्राच्या पोटांतील असंख्य जीव पोसले जातात, आणि ती कमी-अधिक पडण्याशीं साऱ्या पृथ्वीच्या हवेचा संबंध आहे. ही गोष्ट कशी घडते तें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

भर समुद्रांत धूळ पडते हें खलाशांस फार पूर्वींपासून ठाऊक आहे. सन १८३२ च्या जानेवारींत ‘बीगल’ नांवाचें जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेस केप व्हर्ड बेटांपाशीं नांगर टाकून उभें होतें. त्यावर चार्लस डार्विन हा बावीस वर्षांचा तरुण निसर्गशास्त्रज्ञ होता. हवा धुरकट झालेली पाहून त्यानें डोलकाठीच्या टोंकावरील वातदर्शकाच्या विरळ कापडांत अडकलेली बारीक तपकिरी धूळ गोळा केली. आणि ती, तसेच इतर जहाजांवरून मिळालेले धुळीचे नमुने, बर्लिन येथील प्रोफेसर एहरेनबर्ग यांजकडे तपासण्यास पाठविले. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांस त्या धुळींत एकंदर ६७ प्रकारचे सूक्ष्म जीवावशेष आढळले, आणि आश्चर्य हें कीं, त्यांपैकीं बहुतेक गोड्या पाण्यांत राहणाऱ्या जीवांचे होते. कोरड्या वाळवंटाकडून आलेल्या धुळींत गोड्या पाण्यांतील जीव कोठून आले, हें कोडें वाचकांनीं मनांत ठेवावें; त्याचा उलगडा पुढें होईल.

आतां समुद्रांतील ज्या जीवांस ही धूळ उपयोगी पडते ते कोण, तें पाहूं. समुद्राचें थोडेंसें पाणी सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें तर नुसत्या डोळ्यांस न दिसणाऱ्या अनेक आकृति त्यांत तरंगतांना दिसतात; कांहीं वाटोळ्या, कांहीं होडीसारख्या, कांहीं माळेंतील मण्यांप्रमाणें एकमेकींस जोडलेल्या. प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याचें बळ यांस नसतें. पाणी नेईल तिकडे यांनीं जावयाचें. अशा जीवांस शास्त्रांत ‘प्लवक’ म्हणतात, आणि त्यांपैकीं ज्यांच्या अंगीं हरितद्रव्य असतें त्यांस ‘वनस्पतिप्लवक’ म्हणतात. आपल्या शेतांतील जोंधळा ज्याप्रमाणें सूर्यप्रकाश, पाणी व कर्बाम्लवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, यांपासून आपलें अन्न तयार करितो व प्राणवायु बाहेर सोडतो, त्याचप्रमाणें हे वनस्पतिप्लवक करितात. पृथ्वीवरील सर्व हिरवे जीव मिळून दर वर्षीं जेवढें अन्न निर्माण करितात, त्यापैकीं जवळजवळ निम्मा वांटा यांचा आहे. यांवर समुद्रांतील सूक्ष्म प्राणी जगतात. त्या दोहोंवर तारली जगते, तारलीवर सुरमई, आणि सुरमईवर आपण. समुद्राचें कुरण म्हणून जें आम्ही म्हणतों तें हेंच.

परंतु हें कुरण सर्वत्र सारखें दाट नाहीं. किनाऱ्यालगत तें बहुधा दाट असतें आणि भर समुद्रांत विरळ होत जातें. यांत मोठें नवल नाहीं. कारण वनस्पतीस नत्र, स्फुरद इत्यादि खतें लागतात, आणि तीं अनेक ठिकाणीं वरच्या थरांतील पाण्यांत अत्यल्प असतात. नवल आहे तें निराळेंच. अंटार्क्टिक खंडाभोंवतीचा दक्षिण महासागर, पॅसिफिक महासागराचा विषुववृत्ताजवळील भाग, व त्याच महासागराचा अगदीं उत्तरेकडील भाग, या तीन विस्तीर्ण प्रदेशांत नत्र व स्फुरद भरपूर, ऋतूंत सूर्यप्रकाशहि पुरेसा, आणि तरी वनस्पतिप्लवक मात्र थोडे! खत घातलेल्या, पाणी दिलेल्या शेतांत पीक उभें राहूं नये तसाच हा प्रकार झाला.

या ठिकाणीं एक नियम समजून घेतला पाहिजे. शिंप्यास शंभर सदरे शिवावयाचे आहेत. कापड शंभर सदऱ्यांचें आहे, दोरा शंभर सदऱ्यांचा आहे, परंतु गुंड्या मात्र वीस सदऱ्यांपुरत्याच आहेत. तर पुरे सदरे किती होतील? वीसच. कापडाचे आणखी दहा तागे आणून दिले तरी एकविसावा सदरा पुरा व्हावयाचा नाहीं. वनस्पतीच्या वाढीचा नियम असाच आहे, आणि जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें तो एकोणिसाव्या शतकांत प्रसिद्धीस आणला. गरजेच्या मानानें जी वस्तु सर्वांत कमी, ती वाढीची मर्यादा ठरविते. मग इतर वस्तूंची कितीहि रेलचेल असो.

मग समुद्राच्या त्या तीन प्रदेशांत ही गुंडी कोणती? ती आहे लोह. वनस्पतीस लोह फार थोडें लागतें, पण त्यावांचून हरितद्रव्य तयार होत नाहीं व सूर्यप्रकाशाचा उपयोगहि करून घेतां येत नाहीं. पृथ्वीच्या कवचांत लोह वजनानें शेंकडा पांच इतकें विपुल आहे, आणि तरी समुद्रांत त्याचा दुष्काळ पडावा हें वाचकांस विलक्षण वाटेल. याचें कारण घरोघरीं पाहावयास मिळतें. लोखंडी खिळा ओल्या जागीं टाकला म्हणजे त्यावर गंज चढतो, आणि तो गंज पाण्यांत विरघळत नाहीं, तळाशीं बसतो. समुद्राच्या पाण्यांत प्राणवायु मिसळलेला असल्यामुळें त्यांत आलेल्या लोहाची हीच गति होते. नद्या पुष्कळ लोह आणितात खरें, पण त्यांतील बहुतेक मुखापाशींच गाळाबरोबर खालीं बसतें. त्या तीन प्रदेशांतील वरच्या पाण्यांत विरघळलेलें लोह इतकें अल्प असतें कीं, त्याचा एक ग्रॅम जमविण्यास कित्येक कोटि लिटर पाणी गाळावें लागेल! किनाऱ्यापासून शेंकडों कोस दूर लोह पोहोंचविण्याचे मार्ग थोडेच आहेत, आणि त्यांपैकीं एक मोठा मार्ग म्हणजे धूळ घेऊन जाणारा वारा.

लोहाच्या उणीवेमुळें प्लवक वाढत नसावेत, असा तर्क नॉर्वेचे ग्रान व इंग्लंडचे हार्ट यांनीं १९३० नंतरच्या दशकांत केला होता. मात्र तो पडताळून पाहतां येईना. कां म्हणाल, तर पाण्यांतील लोह मोजावयास जावें तों जहाज लोखंडाचें, पाणी काढण्याची तार लोखंडाची, आणि जहाजावरील हवेंतहि गंजाचे कण! नमुन्यांत बाहेरचें लोह मिसळे आणि समुद्रांत लोह पुष्कळ आहे असें खोटेंच अनुमान निघे. अनेक वर्षें विद्वान् लोक समुद्राचें म्हणून आपल्याच जहाजाचें लोखंड मोजीत होते, असें म्हटलें तरी चालेल. हा दोष दूर करण्याच्या कामीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत मॉस लँडिंग येथील सागरी प्रयोगशाळेचे प्रमुख जॉन मार्टिन यांनीं मोठे कष्ट घेतले. तरुणपणीं पोलिओ झाल्यामुळें ते काठ्यांच्या आधारानें चालत. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आम्लानें पुनःपुन्हां धुतलेल्या बाटल्या, धातूचा स्पर्श नसलेलीं साधनें व गाळलेली हवा वापरून अलास्काच्या आखातांतील पाणी तपासलें, आणि १९८८ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. कांहीं बाटल्यांत लोहाचा किंचित् अंश घातला, कांहींत घातला नाहीं. ज्यांत घातला त्यांतील प्लवक जोमानें वाढले.

बाटलींतील प्रयोग खऱ्या समुद्रास लागू पडेल काय, अशी शंका अनेकांनीं घेतली, आणि ती रास्त होती. म्हणून १९९३ सालीं गॅलापागोस बेटांच्या दक्षिणेस सुमारें ६४ चौरस किलोमीटर समुद्रावर साडेचारशें किलोच्या आसपास लोह विरघळवून सोडण्यांत आलें. प्लवकांची वाढ स्पष्ट दिसून आली. हा प्रयोग पाहण्याचें भाग्य मार्टिन यांस लाभलें नाहीं. त्याच वर्षीं, प्रयोगाच्या कांहीं महिने आधीं, त्यांचें निधन झालें. १९९५ सालीं हाच प्रयोग अधिक काळजीनें केला तेव्हां हरितद्रव्य वीस पटींहून अधिक वाढलें आणि निळ्या पाण्याचा रंग डोळ्यांदेखत हिरवा झाला. १९९९ सालीं दक्षिण महासागरांतहि तेंच घडलें. तेथील हिरवा पट्टा कित्येक आठवड्यांनंतरहि उपग्रहांतून दिसत होता.

मनुष्यानें जहाजानें नेऊन जें केलें तें वारा युगानुयुगें करीत आला आहे. वारा दूरवर नेतो ती वाळू नव्हे, हें येथें लक्षांत ठेवावें. वाळूचे कण जड. ते उड्या मारीत जातात आणि थोड्या अंतरावर पडतात. परंतु त्यांच्या आघातानें जमिनींतील अतिसूक्ष्म कण, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाएवढे, वर उधळले जातात, आणि ते हवेंत दिवसचे दिवस तरंगूं शकतात. आफ्रिकेंतील चाड देशांत तिबेस्ती व एनेदी या दोन डोंगरांच्या मुलखाकडून वारा एखाद्या बोळांतून यावा तसा वेगानें बोडेले नांवाच्या सखल प्रदेशावर उतरतो. जगांत एकाच जागेवरून सर्वांत अधिक धूळ उठत असेल तर ती येथून, असें मानतात. कांहीं हजार वर्षांपूर्वीं त्या जागीं गोड्या पाण्याचा अफाट जलाशय होता. आजचें चाड सरोवर हा त्याचा उरलेला लहानसा तुकडा होय. त्या जलाशयांत डायाटम नांवाचे प्लवक राहत. त्यांचें कवच कांचेच्या जातीच्या द्रव्याचें असतें. पाणी आटलें आणि कोट्यवधि कवचांचा पांढरा थर मागें राहिला. एहरेनबर्ग यांस धुळींत गोड्या पाण्यांतील जीव कां सांपडले, त्याचा उलगडा आतां झाला असेल. एका काळच्या तळ्यांतील मृत प्लवक वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडूं लागतात, आणि वाटेंत समुद्रांतील जिवंत प्लवकांचें खत होतात!

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून दर वर्षीं सरासरीनें सुमारें १८ कोटि टन धूळ अटलांटिक महासागराकडे जाते, असें उपग्रहाच्या साहाय्यानें २००७ ते २०१३ या वर्षांत केलेल्या मोजणींत आढळलें. त्यांतील कांहीं भाग दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉनच्या अरण्यापर्यंत पोहोंचतो; फार मोठा भाग समुद्रांत पडतो. धुळींतील सर्व लोह मात्र प्लवकांच्या उपयोगी पडत नाहीं. तें दगडाच्या कणांत घट्ट बांधलेलें असतें. वाटेंत ढगांतील आम्लाच्या व सूर्यप्रकाशाच्या योगानें त्यांतील थोडासा अंशच सुटा होतो. तेवढ्यावरहि कांहीं जीव समाधान मानीत नाहींत. ‘ट्रायकोडेस्मियम’ नांवाचा एक तंतुमय प्लवक आहे. द्विदल धान्यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु करितात त्याप्रमाणें हा हवेंतील नत्र बांधून खत तयार करितो, आणि त्या कामीं त्यास लोह फार लागतें. याच्या तंतूंचा पुंजका धुळीचे कण पकडतो व ते हळूहळू आपल्या गाभ्याकडे सरकवितो, असें तांबड्या समुद्रांतील नमुन्यांवरून दिसून आलें आहे. लांकडाच्या भुशासारखा दिसणारा त्याचा तवंग उन्हाळ्यांत गोवा व कोंकणच्या किनाऱ्याजवळहि दिसतो.

आपल्या अरबी समुद्राची स्थिति या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. त्याच्या तिन्ही बाजूंस कोरडे मुलूख आहेत: पश्चिमेस सोमालिया व अरबस्तान, उत्तरेस इराण व मकराणचा किनारा, आणि ईशान्येस थरचें वाळवंट. नैर्ऋत्येचा मोसमी वारा ओमान व सोमालियाच्या किनाऱ्यालगत खोल पाणी वर आणितो. त्या पाण्याबरोबर नत्र व स्फुरद येतात. हिंवाळ्यांत ईशान्येचा कोरडा वारा उत्तरेकडील पाणी थंड करून घुसळतो, आणि खालचें खत पुन्हां वर येतें. परंतु कापड आलें तरी गुंड्या हव्याच. त्या धुळींतून येतात. धूळ व तिच्यांतील लोह नसतें तर या समुद्रांतील वनस्पतिप्लवकांचें उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आलें असतें, असा गणितानें काढलेला अंदाज २०१९ सालीं प्रसिद्ध झाला आहे. कोळ्याच्या जाळ्यांत येणाऱ्या मासळीचा वाळवंटांतील वाऱ्याशीं असा संबंध पोहोंचतो.

इतकें समजल्यावर मनुष्याच्या मनांत एक विचार येणें साहजिक होतें. वनस्पतिप्लवक कर्बाम्लवायु शोषून घेतात, आणि ते मेल्यावर त्यांतील कांहीं भाग खोल तळाकडे जातो. अंटार्क्टिकवरील पुरातन बर्फांत असें दिसतें कीं, गेल्या हिमयुगांत हवेंत धूळ पुष्कळ होती आणि कर्बाम्लवायु कमी होता. दहा लक्ष भागांत सुमारें २८० च्या ऐवजीं १८० ते १९० भाग. या घटीचा एक हिस्सा, फार तर निम्मा, धुळीनें पोसलेल्या प्लवकांमुळें झाला असावा असें मानण्यास आधार आहे. आज कोळसा व तेल जाळून आपण हा वायु बेसुमार वाढविला आहे व त्यामुळें पृथ्वी तापत आहे. मग समुद्रांत लोह ओतून तो परत कां बुडवूं नये? अर्धें टँकर-जहाज लोह मिळालें तर हिमयुग आणून दाखवितों, असें मार्टिन स्वतः १९८८ सालीं एका व्याख्यानांत अर्धवट विनोदानें म्हणाले होते. पुढें अनेकांनीं ती गोष्ट विनोद म्हणून घेतली नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत आपल्या देशाचाहि वांटा आहे. गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनीं मिळून जानेवारी ते मार्च २००९ या काळांत दक्षिण महासागरांत एक मोठा प्रयोग केला. त्याचें नेतृत्व डॉ. वाजिह नक्वी व डॉ. व्हिक्टर स्मेटासेक यांजकडे होतें, आणि प्रयोगाचें नांव आपल्या ‘लोह’ शब्दावरूनच ‘लोहाफेक्स’ असें ठेविलें होतें. निसर्गाशीं असा खेळ करूं नये, अशी हरकत त्या वेळीं पुष्कळांनीं घेतली व कांहीं दिवस काम थांबलेंहि. पुढें अनुमति मिळून सुमारें ३०० चौरस किलोमीटर समुद्रावर लोह सोडण्यांत आलें. पहिल्या दोन आठवड्यांत प्लवक जवळजवळ दुप्पट झाले. परंतु पुढें वाढ खुंटली. त्या पाण्यांत डायाटमच्या कवचास लागणारें सिलिका नव्हतें. म्हणून भक्कम कवचाचे डायाटम वाढले नाहींत, मऊ अंगाचे प्लवक वाढले. त्यांस कोपेपॉड नांवाच्या बारीक प्राण्यांनीं खाऊन टाकलें, आणि त्या कोपेपॉडांस त्यांहून मोठ्या प्राण्यांनीं. तळाशीं कर्ब गेला तो अगदीं थोडा. लोहाची गुंडी आणून दिली, तों दुसऱ्या गुंडीची उणीव पुढें आली!

प्रयोग फसला असें आम्ही म्हणणार नाहीं. पृथ्वीचा ताप उतरविण्यास समुद्रांत लोखंड ओतणें हा सोपा उपाय नव्हे, हें त्यानें शिकविलें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीप्रमाणें, समुद्राच्या वरच्या थरांतून खोल जाणाऱ्या एकंदर सेंद्रिय कर्बापैकीं धुळीच्या आधारानें जाणारा भाग शेंकडा सुमारें साडेचार आहे. म्हणजे धुळीचा उपकार खरा, पण तोहि मापांत आहे. आज आमच्या वर्गांत बसणारीं मुलें मोठीं होतील तेव्हां असे उपाय करावे कीं करूं नयेत, याचा निर्णय त्यांस द्यावा लागेल. त्या वेळीं त्यांनीं दोन गोष्टी आठवाव्या. एक ही कीं, जें विपुल आहे त्यावर दृष्टि न ठेवतां काय उणें आहे तें शोधावें. कारण वाढ अडते ती तेथें. दुसरी ही कीं, शोधावयास जातांना आपलें भांडें आधीं स्वच्छ आहे कीं नाहीं तें पाहावें. नाहीं तर आपल्याच जहाजाचा गंज आपण समुद्राच्या नांवावर मांडूं.

नाताळच्या सुटींत भाच्याची भेट झाली तेव्हां आम्हीं आमची चूक कबूल करून हें सर्व त्यास सांगितलें. त्यानें तें लक्षपूर्वक ऐकलें, थोडा वेळ विचार केला, आणि स्वयंपाकघराकडे पाहून हळूच म्हणाला, "म्हणजे मामा, आईनें पुसली तेवढीच धूळ वायां गेली!"